सेफीड तारे आणि दीर्घिकांची अंतरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग दाखवून "हा पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे" असं म्हटलं, की अंधारातून हमखास एक आवाज येतो, "पण हे मोजलं कुणी?" प्रश्न रास्त आहे. तिथवर टेप घेऊन कुणी गेलेलं नाही. जे मोजलं गेलं ते किलोमीटर नव्हतेच, दिवस होते. एक तारा उजळून, मंदावून पुन्हा उजळायला किती दिवस घेतो, एवढंच. दिवसांचं प्रकाशवर्षांत रूपांतर कसं होतं आणि त्या हिशेबावर भरवसा किती ठेवायचा, यावर आलेले प्रश्न इथे मांडले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

तारा किती तेजस्वी दिसतो त्यावरून अंतर का सांगता येत नाही?

रात्री घाटात समोरून एकच दिवा येताना दिसला, तर ती जवळ आलेली मोटारसायकल आहे की एक दिवा गेलेला लांबचा ट्रक, हे नुसत्या उजेडावरून कळत नाही. ताऱ्यांचंही तसंच. व्याध आपल्याला सर्वांत तेजस्वी दिसतो तो मुख्यतः जवळ आहे म्हणून, जेमतेम ८.६ प्रकाशवर्षांवर. मृगातला राजन्य त्याच्याहून फिका दिसतो, पण तो कित्येक पटींनी दूर आहे आणि मुळात हजारो पटींनी तेजस्वी आहे.

दिव्याचा वॅट आधी माहीत असेल तर मात्र प्रश्न सुटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणजे खरं तेज कळलं, की दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येतं. सगळी मेख "खरं तेज कसं कळणार" इथेच आहे.

पराशयाने अंतर काढतात असं शाळेत शिकलो होतो. ते पुरत नाही का?

जवळच्या ताऱ्यांना पुरतं. एसटीच्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेची झाडं झपाझप मागे जातात आणि लांबचा डोंगर मात्र सोबत चालल्यासारखा वाटतो, तोच हा प्रकार. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूकडून त्या बाजूला जाते, म्हणजे साधारण ३० कोटी किलोमीटर सरकते. तेवढ्यात जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित हललेले दिसतात. हे हलणं अतिशय बारीक असतं. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यासाठीसुद्धा पराशय एका विकलेपेक्षा कमी भरतो, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. २०१३ साली सोडलेल्या युरोपच्या गाया उपग्रहाने ही कला कमालीच्या टोकाला नेली, तरी त्याची खरी हुकमत आपल्या आकाशगंगेपुरतीच. दुसऱ्या दीर्घिकांपुढे ही पट्टी तोकडी पडते. तिथे कामी येतात ते स्पंदमान तारे.

मग स्पंदमान तारा म्हणजे काय? तारे तर सगळेच लुकलुकतात.

लुकलुकणं हा आपल्या हवेचा खेळ आहे, ताऱ्याचा त्यात काही हात नाही. स्पंदमान तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो, तेही ठरलेल्या लयीत. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी ५ दिवस ९ तासांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो. साधारण दीड दिवसात तो चढतो आणि उरलेला वेळ सावकाश उतरतो, त्यामुळे त्याच्या तेजाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. हे सगळं साध्या डोळ्यांनी टिपता येतं.

ते आधी टिपलं इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या जॉन गुडरिकने, १७८४ साली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच सुमारास, काही आठवडे आधीच, त्याचा मित्र एडवर्ड पिगटने गरुड तारकासमूहातला ईटा हा तसाच तारा हेरला होता. म्हणजे न्यायाने या जातीला गरुडाचं नाव मिळायला हवं होतं. पण नाव पडलं ते सेफीड, वृषपर्व्याच्या 'सीफियस' या पाश्चात्त्य नावावरून. गुडरिक १७८६ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. रॉयल सोसायटीने त्याची सदस्य म्हणून निवड केली, त्याला तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते.

ताऱ्याच्या लयीचा आणि त्याच्या खऱ्या तेजाचा संबंध कुणी शोधला?

हेन्रिएटा स्वान लेव्हिट हिने. या उत्तरावर मी जरा रेंगाळणार आहे.

हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटा तपासायला स्त्रिया नेमलेल्या असत. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणायचे, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या. दुर्बिणीवर बसायचं काम पुरुषांचं. लेव्हिटला ताशी ३० सेंट मिळत. पुढे तिचीही ऐकण्याची शक्ती कमी होत गेली. प्लेटा यायच्या पेरूमधल्या अरेकिपा इथल्या हार्वर्डच्या ठाण्यावरून, कारण तिला ज्या दोन मेघांचे फोटो तपासायचे होते ते दक्षिणेच्या आकाशातच दिसतात. थोरला आणि धाकटा मॅगेलन मेघ या आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. तेव्हा त्या दीर्घिका आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तिची युक्ती साधी होती. एका रात्रीची निगेटिव्ह दुसऱ्या रात्रीच्या पॉझिटिव्हवर ठेवायची. ज्यांचं तेज बदललं नाही ते तारे एकमेकांना झाकून टाकतात, ज्यांचं बदललं ते डोळ्यांत भरतात. असं करत तिने दोन्ही मेघांतले १,७७७ रूपविकारी तारे शोधले आणि १९०८ मध्ये त्यांची यादी छापली. त्यातल्या सोळांचे आवर्तकाल तिने काढले होते, आणि तिथेच एक वाक्य सहज लिहून ठेवलं होतं की अधिक तेजस्वी ताऱ्यांचा काल अधिक लांब असतो, हे लक्षात घेण्याजोगं आहे. १९१२ पर्यंत धाकट्या मेघातले असे २५ तारे तिच्या हाती आले. त्यांचे काल सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत होते. कालाचा लॉगॅरिदम आणि तेज यांचा आलेख काढला तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसले. तो तीन पानी निबंध वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या सहीने निघाला. त्याच्या पहिल्या वाक्यातच, हा मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, अशी नोंद आहे.

पण त्या ताऱ्यांचं अंतर तिला माहीत नसताना खरं तेज कसं कळलं?

कळलं नाहीच, आणि कळायची गरजही नव्हती. समोरच्या डोंगरावर एक वाडी आहे, तिथे रात्री दिवे लागलेत असं समजा. वाडी किती लांब आहे ते माहीत नाही. पण सगळे दिवे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, तेव्हा त्यातला जो उजळ दिसतो तो खरोखरच उजळ असणार. धाकट्या मेघाने लेव्हिटला अशी वाडी आयती दिली. आकाशगंगेतले सुटे सेफीड घेतले असते तर जवळ-लांबच्या गोंधळात हे नातं कधीच दिसलं नसतं.

यातून मिळालं ते गुणोत्तर. "या तालाचा तारा त्या तालाच्या ताऱ्यापेक्षा इतक्या पटींनी तेजस्वी." ही पट्टी किलोमीटरमध्ये वाचायची तर निदान काही सेफीडांचं अंतर दुसऱ्या मार्गाने कळायला हवं. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या आयनार हर्टस्प्रुंगने आकाशगंगेतले १३ सेफीड घेऊन तो प्रयत्न केला. धाकट्या मेघाचं त्याने काढलेलं अंतर छापून आलं ३,००० प्रकाशवर्षं. त्याच्याच आकडेमोडीप्रमाणे ते ३०,००० यायला हवं होतं, छापताना एक शून्य गळलं! आजचा आकडा दोन लाखांच्या आसपास आहे. पायाच्या मोजमापात केवढी तफावत पडू शकते ते यावरून दिसतं, आणि पुढच्या शंभर वर्षांची बरीचशी भांडणं या पायावरूनच झाली आहेत.

तारा फुगतो-आकसतो कशामुळे?

भाताच्या आधणावर झाकण ठेवलं की वाफ कोंडते, झाकण उचलतं, वाफ निसटते, झाकण पुन्हा बसतं. सेफीडात झाकणाचं काम हेलियम करतो. ताऱ्याच्या पृष्ठाखाली, जिथे तापमान ४०,००० अंशांच्या घरात असतं, तिथे एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेल्या हेलियमचा दुसराही इलेक्ट्रॉन सुटतो. तारा दाबला गेला की हा थर अधिक आयनीभूत होतो आणि आतून येणारी उष्णता अडवू लागतो. उष्णता कोंडते, दाब वाढतो, थर बाहेर ढकलला जातो. फुगल्यावर थर निवतो, इलेक्ट्रॉन परत जोडले जातात, उष्णता निसटते, आणि गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा आत ओढतं. तारा झडपेसारखा चालतो ही कल्पना इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनची. ती झडप हेलियमची आहे हे १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ झेवाकिन यांनी दाखवलं.

सूर्यात हे होत नाही, कारण झाकण योग्य खोलीवर असावं लागतं. फार वर असेल तर त्यावर अडवायला पुरेसा ऐवज नसतो, फार खाली असेल तर झाकण उचलतच नाही. सूर्याच्या साधारण चारपट ते वीसपट वस्तुमानाचे तारे म्हातारपणी फुगून पिवळसर होतात, तेव्हा काही काळ या नेमक्या अवस्थेतून जातात.

मोठ्या ताऱ्याचा ताल संथ का असतो?

देवळातली मोठी घंटा आणि पूजेतली घंटी यांच्या आवाजात फरक का असतो, त्यातच निम्मं उत्तर आहे. स्पंदनाचा काल ताऱ्याच्या सरासरी घनतेवर ठरतो. तारा जितका विरळ, तितका एक हेलकावा पूर्ण व्हायला वेळ जास्त. अधिक तेजस्वी सेफीड आकाराने प्रचंड असतात, म्हणून ते विरळ असतात आणि म्हणून संथ. नातं असं नैसर्गिक आहे, योगायोगाचं नाही. त्यामुळेच ते दूरच्या दीर्घिकेतही लागू पडेल असा भरवसा धरता येतो.

एकदा प्रत्यक्ष गणित करून दाखवाल का?

दाखवतो, डेल्टा सेफीचंच.

खगोलशास्त्रात तेज 'प्रती'त मोजतात आणि हिशेब उलटा असतो. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. तारा ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला असता तर जेवढा दिसला असता, ती त्याची निरपेक्ष प्रत. डेल्टा सेफीचा काल ५.३७ दिवस. या तालाच्या सेफीडाची सरासरी निरपेक्ष प्रत, आजच्या मोजमापांनुसार, उणे ३.४ च्या आसपास येते. म्हणजे तो सूर्याच्या जवळपास दोन हजार पट तेजस्वी. आकाशात तो सरासरी ३.९५ प्रतीचा दिसतो. वाटेतल्या धुळीने त्याला साधारण ०.२५ प्रतीने मंद केलं आहे, ते वजा करून ३.७ धरू.

३.७ आणि उणे ३.४ यांतलं अंतर ७.१. नियम असा, की दर ५ प्रतींना अंतर दसपट. पहिल्या पाचात ३२.६ चे ३२६ प्रकाशवर्षं झाले. उरलेल्या २.१ प्रतींसाठी आणखी सुमारे २.६ पट. उत्तर ८५० ते ८६० प्रकाशवर्षं. पराशयावरून येणारं अंतर ८९० च्या आसपास आहे. वहीच्या पाठीमागे केलेल्या हिशेबासाठी हे वाईट नाही.

देवयानीसाठीही हेच गणित आहे. फक्त तारा इतका अंधुक, की शंभर वर्षांपूर्वी त्याला जगातली सर्वांत मोठी दुर्बीण लागली.

देवयानीतला तो तारा कुणी पाहिला?

एडविन हबलने, ऑक्टोबर १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून. त्या वेळी वाद असा पेटला होता, की देवयानीसारखे हे सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतलेच ढग आहेत, की स्वतंत्र दीर्घिका. १९२० मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांची याच विषयावर गाजलेली चर्चा झाली. गंमत म्हणजे सेफीडांसारखे तारे वापरून आकाशगंगा केवढी अवाढव्य आहे हे सांगणारा शॅप्लीच, आणि तेजोमेघ आपल्याच अंगणातले आहेत असं म्हणणाराही शॅप्लीच.

हबल देवयानीत नवतारे, म्हणजे अचानक भडकून पुन्हा मंदावणारे तारे, शोधत होता. सापडलेल्या ठिपक्यांपुढे त्याने प्लेटवर 'नोव्हा'चं 'एन' हे अक्षर लिहिलं. नंतर जुन्या प्लेटांशी ताडताना त्यातला एक ठिपका पूर्वीही कमी-जास्त झालेला आढळला. त्याने ते 'एन' खोडलं आणि वर 'व्हार' असं उद्गारचिन्हासह लिहिलं, म्हणजे व्हेरिएबल, रूपविकारी. ती प्लेट आजही जपून ठेवलेली आहे. ताऱ्याचा काल निघाला ३१.४ दिवस. त्यावरून हबलला देवयानी सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांवर दिसली, म्हणजे शॅप्लीच्या अवाढव्य आकाशगंगेच्याही कितीतरी बाहेर. हबलचं पत्र वाचून शॅप्ली म्हणाला, या पत्राने माझं विश्व मोडून टाकलं. हे त्याच खोलीत असलेल्या खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन हिने नोंदवलं आहे. १ जानेवारी १९२५ रोजी हबलचा निबंध वॉशिंग्टनच्या परिषदेत वाचला गेला, तेव्हा हबल स्वतः तिथे हजर नव्हता.

आपल्याकडच्या नावांमुळे यात एक वेगळीच रंगत येते. महाभारतात वृषपर्व्याच्या मुलीने, शर्मिष्ठेने, देवयानीला विहिरीत ढकललं होतं. आकाशात ती देवयानी किती खोल आहे ते वृषपर्व्यातल्या ताऱ्याच्या जातभाईनेच सांगितलं. ही नावं जुळवणाऱ्यांच्या मनात असलं काही असणं शक्य नाही, पण मला प्रत्येक वेळी हसू येतं.

लेव्हिट मात्र हे पाहायला उरली नव्हती. १२ डिसेंबर १९२१ रोजी ती कर्करोगाने गेली. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी नाव सुचवण्याच्या इराद्याने तिला पत्र लिहिलं, तेव्हा ती हयात नाही हे त्यांना माहीतच नव्हतं.

नऊ लाख आणि पंचवीस लाख! हबल एवढा कसा चुकला?

पट्टीच चुकीची होती. सेफीड दोन जातींचे असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. अस्सल सेफीड तरुण आणि वजनदार. दुसरी जात म्हाताऱ्या, हलक्या ताऱ्यांची. तालावरून दोन्ही सारखेच वाटतात, पण दुसरी जात साधारण दीड प्रतीने मंद असते. हबलने वापरलेल्या शॅप्लीच्या पट्टीत दोन्हींची सरमिसळ झाली होती. शिवाय ताऱ्यांमधल्या धुळीने मंद झालेल्या प्रकाशाचा हिशेब तेव्हा धरलाच जात नव्हता.

ही गाठ सोडवली माउंट विल्सनवरच्याच वॉल्टर बाड या खगोलशास्त्रज्ञाने, आणि त्याला मदत झाली ती युद्धाची. तो जर्मन नागरिक असल्याने अमेरिकेने त्याला युद्धाच्या कामाला जुंपलं नाही. इतर सहकारी गेले, १०० इंची दुर्बीण मोकळी मिळाली, शिवाय खाली लॉस एंजेलिसचे दिवे मंदावलेले. त्या काळोखात त्याने देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून पाहिले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात असं जाहीर केलं. मग कॅलिफोर्नियातल्याच पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. देवयानी हबलच्या अंतरावर असती तर तिच्यातले आरआर लायरी जातीचे तारे त्या दुर्बिणीला दिसायलाच हवे होते. दिसले नाहीत. अर्थ एकच, देवयानी आणखी लांब आहे. १९५२ च्या रोमच्या परिषदेत बाडने सगळ्या दीर्घिकांची अंतरं एका झटक्यात दुप्पट केली.

यातून आणखी एक लाजिरवाणं कोडं सुटायला लागलं. हबलच्या अंतरांवरून विश्वाचं वय दोनेक अब्ज वर्षं निघत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते!

हे आरआर लायरी कोण?

सेफीडांचे म्हातारे, छोटे नातलग. काल एका दिवसाहून कमी, तेज सूर्याच्या साधारण पन्नासपट. गोलाकार तारकागुच्छांत ते भरपूर सापडतात. तेज कमी असल्याने फार लांबचे दिसत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग आपली आकाशगंगा आणि आसपासच्या दीर्घिकांपुरता. तिमिंगलातल्या मायराच्या जातीचे, जवळजवळ वर्षभर एकच हेलकावा घेणारे तांबडे तारेही हल्ली अंतरासाठी वापरतात, विशेषतः अवरक्त प्रकाशात.

सेफीडांनी किती लांबपर्यंत मोजता येतं? आणि त्यापुढे काय?

हबलच्या नावाच्या अवकाश दुर्बिणीने १९९४ मध्ये एम १०० या दीर्घिकेतले सेफीड टिपून तिचं अंतर सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षं काढलं, तेव्हा तो मोठा पल्ला वाटला होता. आज एनजीसी ५४६८ या दीर्घिकेत, साधारण १३ कोटी प्रकाशवर्षांवर, सेफीड मोजले गेले आहेत. त्यापुढे शिडीची पुढची पायरी लागते, ती म्हणजे वन-ए प्रकारचे अतिनवतारे. तेही जवळपास ठरावीक तेजाने भडकतात आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतात. पण ते तेज नेमकं किती, हे आधी सेफीडांनीच सांगावं लागतं. म्हणून ज्या दीर्घिकेत सेफीडही दिसतात आणि असा अतिनवताराही भडकलाय, ती सोन्याच्या मोलाची.

सेफीड गर्दीत असतील, धुळीमागे असतील, तर आकडा बिघडणार नाही का?

बिघडतो, आणि संशोधकांची बरीच शक्ती त्यातच जाते. धुळीवर उपाय म्हणजे अवरक्तात मोजणं, कारण धूळ निळ्या प्रकाशाला जास्त अडवते आणि अवरक्ताला कमी. शिवाय दोन-तीन रंगांत मोजून धुळीचा वाटा वजा करता येतो. गर्दी जास्त छळते. दूरच्या दीर्घिकेत सेफीडाला चिकटून दुसरे तारे असतात, त्यांचा उजेड त्याच्यात मिसळतो, तारा आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटतो आणि दीर्घिका आहे त्यापेक्षा जवळ. हबल दुर्बिणीपेक्षा कितीतरी धारदार नजर असलेल्या वेब अवकाश दुर्बिणीने तेच तारे पुन्हा मोजले, तेव्हा गर्दीसाठी आधी केलेली दुरुस्ती योग्य होती असं दिसलं.

पायाही आता पूर्वीसारखा डळमळीत नाही. गायाचे पराशय आहेत. थोरल्या मॅगेलन मेघाचं अंतर तिथल्या एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांवरून एक टक्का अचूकतेने काढलं आहे, साधारण १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं. आणि एनजीसी ४२५८ या दीर्घिकेच्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या रेडिओ लहरींनी तिचं अंतर निव्वळ भूमितीने दिलं आहे. तिन्ही मार्ग एकमेकांची तपासणी करतात.

"हबल तणाव" म्हणून जे वाचनात येतं त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट. विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय हा तो वाद. सेफीड आणि अतिनवतारे यांच्या शिडीने ॲडम रीस यांच्या गटाला २०२२ मध्ये उत्तर मिळालं ७३, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७३ किलोमीटर. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून प्लँक उपग्रहाने काढलेलं उत्तर ६७.४. दोन्हींच्या चुकांची मर्यादा या फरकापेक्षा बरीच लहान आहे. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने वेबमधून तांबड्या राक्षसी ताऱ्यांसारखे इतर मापदंड वापरले, तर आकडा ७० च्या आसपास आला.

माझं मत विचाराल तर, ही नवी भौतिकी आहे असं मानायची मला घाई नाही. या विषयाच्या इतिहासात "चुकांची मर्यादा लहान आहे" असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना बाडने एकदा धडा दिलेला आहे. पण वेबच्या मोजणीनंतर "सेफीडच चुकीचे" एवढं म्हणून वाद मिटवण्याची सोयही उरली नाही.

ध्रुवतारा पण सेफीडच आहे म्हणे?

हो! अढळपदाचं वरदान जागेचं होतं, तेजाचं नव्हतं. ध्रुव जवळजवळ चार दिवसांच्या तालात धडधडतो आणि तो आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड आहे. फरक प्रतीच्या काही शतांशांचा असल्याने डोळ्यांना कळत नाही. विसाव्या शतकात त्याची धडधड मंदावत गेली, थांबतेय की काय असं वाटलं, आणि मग ती पुन्हा वाढू लागली. सर्वांत जवळचा सेफीड असूनही त्याचं अंतर हा बराच काळ वादाचा विषय होता. गायाने त्याच्या जोडीदार ताऱ्याचा पराशय मोजला, त्यावरून ते सुमारे ४५० प्रकाशवर्षं येतं.

ताऱ्याचा ताल कायम तसाच राहतो?

नाही, ताऱ्याचं वय वाढतं तसा तोही बदलतो, पण फार सावकाश. डेल्टा सेफीचा काल वर्षाला सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाने घटतोय. अंतराच्या हिशेबाला त्याने काही धक्का लागत नाही. गुडरिकपासूनच्या नोंदी हाताशी असल्यानेच हे कळलं.

याचा पत्रिकेवर काही परिणाम होतो का?

नाही.

मॅगेलनचे मेघ महाराष्ट्रातून दिसतात का?

जवळपास नाहीच. धाकटा मेघ कोल्हापूर, सिंधुदुर्गातून क्षितिजाला टेकतो न टेकतो. थोरला गोव्यातून चार-पाच अंश वर येतो, पण तिथे धूसर हवेत तो हरवतो. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये असणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र शहराबाहेर अंधारात जाऊन दोन्ही जरूर पाहावेत. दुर्बीण लागत नाही.

डेल्टा सेफी मला दुर्बिणीशिवाय पाहता येईल?

येईल. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठा तारकासमूहाचं 'एम' सापडलं की तिच्या डाव्या हाताला, किंचित वर, वृषपर्वा. मुंबईहून डेल्टा सेफी क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर येतो. मुंबई-पुण्याच्या उजेडात वृषपर्वा चाचपडत शोधावा लागतो, वांगणी किंवा भंडारदऱ्याला गेलात तर लगेच उमगतो.

डेल्टाच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत, तिघांचा छोटा त्रिकोण होतो. झीटा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ चा. डेल्टा भरात असला की झीटाची बरोबरी करतो, उतरला की एप्सिलॉनपेक्षाही फिका होतो. रोज रात्री एकच करायचं, तो या दोघांमध्ये कुठे बसतो ते अंदाजाने ठरवून तारीख आणि वेळेसह वहीत लिहायचं. ढग आले तर ती रात्र कोरी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. आदल्या दिवशीचा आकडा झाकून ठेवायचा, नाहीतर डोळा त्याच्याकडे ओढला जातो. माझ्या पहिल्या वहीत सलग नऊ रात्री ३.८ आहे, याच कारणाने.

तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की ५.३७ दिवसांच्या घडीवर त्या एकाखाली एक मांडा. दात दिसू लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे आणि पावसाळ्यानंतर संध्याकाळी गरुडातला ईटा तसाच पाहता येतो, काल ७.१८ दिवस. थंडीत मिथुनेतला झीटा आहे, १०.१५ दिवसांचा. त्याचा चढउतार मात्र बेताचाच असतो, वही तेवढी जास्त दिवस चालवावी लागते.